पिंडाशेजारी दोन बाटल्या

शीतपेयाच्या एका कंपनीत मी बाटल्यांची लेबलं करायचो. लेबलावर मालकांच्या आईचा हसरा फोटो असायचा. पुढे दोघे भाऊ वेगळे झाले, आणि तो फोटो कुणी छापायचा यावरून कोर्टात गेले. मी थोरल्याकडे कामाला राहिलो. त्यांची आई कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एकटी. तिला डायबेटिस, ते गोड पाणी तिनं कधी तोंडालाही लावलं नव्हतं.

ती गेली. दहाव्याला घाटावर दोघांनी पिंडाच्या दोन बाजूंना आपापली बाटली ठेवली. आईच्या आवडीचं म्हणे! थोरल्याच्या वकिलांनी सांगितलं होतं, शूटिंग करून ठेवा, पुरावा होईल. ते मी करत होतो. मला शिसारी आली, माझीसुद्धा. पण मोबाइल काही खाली ठेवला नाही.

तासभर कावळा शिवेना. गुरुजी वैतागले. "अहो, बाईंची काही इच्छा राहिली असेल. शब्द द्या."

थोरल्यानं हात जोडले. "आई, केस मागे घेतो."

लगेच कावळा शिवला.

पायऱ्या चढताना थोरल्यानं मला बाजूला घेतलं. डोळे ओले होते.

"तेवढं माझं वाक्य काढून टाका," तो म्हणाला, "आणि बाकीचं वकिलांना पाठवा."