उपरण्याखालचा भाव

नामदेवमामा बिलाच्या रांगेत दिसले की मी गुपचूप शेजारची रांग धरायचो. मामा पुढे असले की रांग हलत नसे. मांडणीवर लिहिलेला भाव आणि बिलात लागलेला भाव यांत रुपयाचा जरी फरक निघाला, तरी ते खांद्यावरचं उपरणं झटकून भांडायला उभे राहायचे.

सारी हयात बैलबाजारात गेलेली. इस्लापूरपासून धर्माबादपर्यंत त्यांची दलाली चाले. समोरच्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा आणि एकदा ठरला की बाप आला तरी बदलायचा नाही. म्हातारपणी मुलाकडे नांदेडला आले आणि गाठ पडली सुपरमार्केटशी. "आमचा भाव झाकलेला व्हता, पर खरा व्हता. तुमचा उघडा हाय अन् खोटा!" हे काउंटरवरच्या पोरींना पाठ झालं होतं.

एकदा तूरडाळीवरून असंच पेटलं. काउंटरवर उमरीची अश्विनी होती, नवीनच लागलेली. मामांचा आवाज चढला तशी ती हळूच म्हणाली, "मामा, लई ओरडू नका. नव्या भावाची चिठ्ठी लावायची माझ्याकडूनच राहिली. फरक माझ्या पगारातून कापतेत."

मामांनी झटकलेलं उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. जास्तीचे पैसे द्यावेत तर लिहिलेल्या शब्दाला किंमत उरत नाही, आणि हट्ट धरावा तर पोरीच्या पोटावर पाय. शेवटी त्यांनी मॅनेजरला बोलावलं, त्याचा हात सरळ उपरण्याखाली ओढला आणि बोटं दाबत कानात काहीतरी पुटपुटले. अख्खी रांग बघत राहिली. बिचारा मॅनेजर लाजून लाल झाला.

"हाव का न्हाई, बोला!" मामा गरजले.

"हाव," तो म्हणाला.

डाळ मांडणीवरच्या भावात मिळाली आणि अश्विनीचा पगारही शाबूत राहिला. बदल्यात मामांनी काय कबूल केलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. रोज सकाळी दुकान उघडलं की मामा चष्मा लावून मांडण्यांमधून फिरायचे आणि जुनी चिठ्ठी दिसली की हाक मारायचे, "अश्विनी, हितं ये गं!" मला त्यांचा फार अभिमान वाटे. मग मी मुद्दाम त्यांच्याच रांगेत उभा राहू लागलो.

गेल्या थंडीत मामांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. मी त्यांच्यापाशी बसलो होतो, तेव्हा अश्विनी दुकानाच्या गणवेशातच भेटायला आली. मामांनी चालत्या हातानं उपरणं ओढून तिच्या हातावर घातलं आणि खालून तिची बोटं दाबली. ती बोटांची बोली ना तिला येत होती, ना मला.

"कबूल, मामा," ती रडत म्हणाली. "आता रोज सकाळी मांडण्यांमधून मी फिरत जाईन."

सौदा झाला की दलाल हात सोडतो. मामांनी सोडला नाही.