कोल्हापुरातला कॅनडा

"या घरची एक गाडी तिकडं जाणार न्हाई," हिंदुराव म्हणाले आणि आमटीची वाटी भातावर पालथी केली.

तिकडं म्हणजे कोल्हापूरला. त्यांच्या मुलीला, अपेक्षाला, तिथे मुलगी झाली होती आणि रविवारी बारसं होतं. पण लेक, नात, बारसं यातला एकही शब्द हिंदुरावांच्या तोंडातून बाहेर पडला नाही. नुसतं ‘तिकडं’. त्यांची बायको शकू हातात पोळीचा डबा घेऊन उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, तरी तिने त्यांना पोळी वाढली. हात आपले सवयीने वाढत राहतात, त्याला काय करायचं.

वारज्यात जिथे पूर्वी हिंदुरावांच्या वडिलांचा कांदा व्हायचा तिथे आता उंच इमारती आहेत. त्यांच्या पायथ्याशी राहिलेल्या तुकड्यावर हिंदुरावांचं तीन मजली घर. दारात दोन पांढऱ्या गाड्या, शिवाय मुलाची, विश्वजीतची, जीप. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून हिंदुराव प्लॉट दाखवत फिरतात आणि दर निवडणुकीला आपल्याला तिकीट मिळणार अशी हवा करतात. शकूने मात्र सासूकडून आलेला मंडईतला गाळा सोडला नाही. मिरची, कोथिंबीर, आलं, लिंबू. घरच्या पुरुषांना त्याची लाज वाटायची, पण सकाळी घरात कटकट नको म्हणून ते चालवून घेत.

गाळ्यावर जायला विश्वजीतने तिला एक इलेक्ट्रिक स्कूटर आणून दिली होती. लायसन्स लागत नाही असली हळू चालणारी, सायकलवाला जोर लावून पुढे जाईल असली. घरात तिला सगळे ‘मम्मीचं खेळणं’ म्हणत.

आता अपेक्षाचं. ती कर्वेनगरच्या कॉलेजात शिकली, तिथेच तिला सौरभ भेटला. मुलगा शांत, बँकेत नोकरी, आई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली. पण घर बौद्ध. तेवढं कळलं आणि हिंदुरावांनी लेकीच्या नावावर पाणी सोडलं. दोघांनी नोंदणी लग्न केलं, सौरभची बदली कोल्हापूरला झाली, ती दोघं गेली. हिंदुरावांनी आरडाओरडा केला नाही. तसा केला असता तर बरं झालं असतं, निदान खरं तरी बाहेर आलं असतं. त्यांनी भावकीत आणि सोयऱ्यांत सांगून टाकलं, पोरगी शिकायला कॅनडाला गेली.

आणि शकू मान हलवत राहिली. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, "थंडी लई असंल न्हाई तिकडं?" शकू म्हणायची, "व्हय, बर्फ पडतो." माहेरच्या कऱ्हाडपुढे कधी न गेलेली बाई दोन वर्षं मांडवामांडवातून बर्फाच्या गोष्टी सांगत फिरली.

बारशाची बातमी दिली ती सौरभच्या आईने, राधाताईंनी. मंडईत ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी फोन आला. "अपेक्षाने सांगितलेलं नाही. मी माझ्या मनाने बोलावते आहे. आजीने यावं असं मला वाटतं." त्या बाईने एवढं सरळ बोलावं आणि आपल्या घरात कुणाला सरळ बोलता येऊ नये, याचाच शकूला पहिला राग आला.

जेवणं झाल्यावर विश्वजीत स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "मम्मी, तू एसटीनं गुपचूप जाऊन ये ना. टेन्शन कशाला घेते? पप्पांना मी सांगतो, मंडईत आहेस म्हणून."

"गुपचूप कशाला? मी चोरी करायला चाललीय?"

"तसं नाही गं. उगाच इश्यू नको."

त्या ‘गुपचूप’ने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं गुपचूपच चाललं होतं की. नात झाली तीही गुपचूप, आणि आता आजीने जायचं तेही तोंड लपवून. रात्रभर तिच्या डोक्यात नवऱ्याचं एकच वाक्य फिरत राहिलं. या घरची एक गाडी तिकडं जाणार नाही. बरं. मग या घरची गाडीच तिकडं जाईल, आणि सगळ्या सोयऱ्यांच्या दारात थांबत जाईल.

हिंदुरावांनी तिन्ही गाड्यांच्या किल्ल्या कपाटात टाकल्या, ड्रायव्हरला तंबी दिली. जिन्याखालच्या स्कूटरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या घरात तिला गाडी म्हणून कुणी धरतच नव्हतं. गुरुवारी सकाळी शकूने बाळंतविडा बांधला. डिंकाचे लाडू, कुंची, झबली, दुपटी, अपेक्षाला एक साडी. सगळं स्कूटरवर पायापाशी ठेवलं, चार्जर पिशवीत घातला आणि रोजच्या वेळेला रोजच्यासारखी निघाली. हिंदुराव ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांना वाटलं, मंडई. शकू वारज्याच्या पुलापाशी आली आणि कात्रजकडे वळली.

रस्ता तसल्या गाडीचा नव्हताच. ट्रक मागून भोंगा वाजवत अंगावर आल्यासारखे यायचे, वाऱ्याने पदर तोंडावर उडायचा. जुन्या कात्रज घाटात स्कूटर इतकी हळू झाली की रस्त्याकडेची माकडं तिच्याकडे बघत बसली. शकू मनातल्या मनात नवऱ्याशी भांडत होती. प्रत्येक वळणावर एक नवीन मुद्दा सुचत होता, आणि इतके चांगले मुद्दे घरात कधीच कसे सुचले नाहीत याचाही तिला राग येत होता.

शिरवळला गाडीने मान टाकली. तिथे हिंदुरावांचे चुलतभाऊ दत्तोबा राहतात. शकूने त्यांच्या पडवीत गाडी लावली आणि वायर ओढून प्लगात घातली. असली गाडी भरायला अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ बसायचं म्हणजे बोलायचं आलं, आणि ती बोलायलाच आली होती.

"कॅनडाची पोरगी काय म्हणती?" दत्तोबांनी सवयीने विचारलं.

"कॅनडात न्हाई ती. कोल्हापुरात हाय. बौद्धाच्या पोराशी लगीन केलंय, पोरगी झालीय. मी बारशाला चाललीय."

शकूला वाटलं, आता कप खाली पडेल, दत्तोबा उठून उभे राहतील. दत्तोबांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली. त्यांची बायकोच म्हणाली, "आमाला ठाव हाय की, वैनी. पयल्यापास्नं ठाव हाय."

"मग दर वक्ताला कॅनडा का इचारता?"

"दादांचा मान," दत्तोबा म्हणाले. "त्यांनी सांगितलं कॅनडा, आमी म्हणलो कॅनडा. आपल्याला काय करायचंय?"

वाटेत तोंडावर फेकायला म्हणून शकूने जे खरं आणलं होतं, ते इथे आधीच सगळ्यांच्या घरात येऊन पडलेलं होतं. ती ज्यांच्यापुढे बर्फ पाडत होती ते सगळे मूग गिळून बसले होते. हिंदुराव एकटे खोटे असते तर त्यांना धरून हलवता आलं असतं. हे सगळंच गणगोत खोटं निघालं. तिने दत्तोबांकडे रात्र काढली, पण त्यांच्याशी परत बोलली नाही.

खंबाटकीच्या चढाला गाडीने तिला नेणं साफ नाकारलं. शकू खाली उतरली, मूठ पिळून धरली आणि गाडीच्या बाजूने चालत तिने घाट चढला. वर पोचेतो पोटऱ्या भरून आल्या होत्या. रस्त्यावरच्या एका बाईने पाणी देऊ का विचारलं, तर शकू तिच्यावरही खेकसली आणि मग पाणी घेतलं.

दुपारी भुईंजला नणंदेच्या घरी. नणंदेने दारातच ओळखलं की काय आहे. दत्तोबांचा फोन सगळीकडे पोचला होता. "वैनी, गाडी गोठ्यात लावा," ती म्हणाली. "गोठ्यात बी प्लग हाय. दारात नको, शेजारीपाजारी बघत्यात." शकूने गाडी दारातच लावली, वायर गोठ्यातून ओढून आणली आणि शेजारी बघायला यावेत म्हणून पायरीवर बसून राहिली.

तिथेच हिंदुरावांचा फोन आला.

"काय लावलंयस तू? गावागावात शोभा करत फिरतीस?"

"व्हय."

"माघारी ये. गाडी पाठवतो."

"आता गाडी पाठवता व्हय? बारशाला मागितली तवा किल्ल्या कपाटात गेल्या. या घरची गाडी निघालीय कवाच, तिकडंच निघालीय."

"लोक काय म्हणतील याची लाज..."

"लोकांना समदं ठाव हाय. तुमच्या दत्तोबाला ठाव हाय, तुमच्या भणीला ठाव हाय. कॅनडात फकस्त तुमीच राहताय." तिने फोन बंद केला. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं बोलणं तिने मधेच तोडलं नव्हतं.

शनिवारी ती कऱ्हाडला सख्ख्या भावाकडे पोचली. सर्जेराव तिचा पाठचा भाऊ, तिने कडेवर खेळवलेला. सासरची माणसं सासरची, त्यांच्याकडून तिला आशा नव्हती. पण माहेर आपलं असतं. भावजयीने ताट वाढलं, पिठलं-भाकरी, वर ठेचा. शकूने दोन दिवसांचं सगळं भावासमोर ओकलं. दत्तोबा, नणंद, गोठा, फोन. सर्जेराव खाली बघत ऐकत होता.

"तुला तरी न्हवतं ना ठाव?" तिने विचारलं.

सर्जेराव भाकरीचा तुकडा मोडत राहिला. भावजयच बोलली. बोलून मोकळं व्हायचं होतं तिला. "वन्सं, ह्यांना दिसली हुती ती. कोल्हापूरच्या स्टँडवर, गुळाच्या सौद्याला गेल्ते तवा. पोट पुढं आल्यालं. मामा म्हणून हाक मारली तिनं."

"मग?"

भावजयीने नवऱ्याकडे बघितलं.

"मग रे?"

"मी... गर्दी हुती, आक्का. मी हिकडं वळलो. दाजींना कळलं असतं तर..."

शकूने ताट ढकललं. पिठलं भुईवर सांडलं. तिला त्या स्टँडवरची आपली पोर दिसली, जड पायांची, मामा म्हणून हाक मारणारी, आणि पाठ फिरवणारा हा. एवढा राग तिला अख्ख्या वाटेत नवऱ्याचाही आला नव्हता. "पाठीला डोळं फुटलं असतील तर बघ," ती म्हणाली, "तुजी भण चालली." तिने वायर उपटली आणि अर्धीच भरलेली गाडी बाहेर काढली. भावजय "वन्सं, जेवून तरी जावा" म्हणत फाटकापर्यंत आली. सर्जेराव आला नाही.

अर्ध्या बॅटरीवर कितीसं जायचं. संध्याकाळी पेठ नाक्याच्या अलीकडे गाडी थांबली. एका चहावाल्या बाईने विचारपूस न करता फ्रीजचा प्लग काढून तिची वायर लावली. "कुठं, मावशी?" "लेकीकडं." "हां," बाई म्हणाली आणि तिला आतल्या खाटेवर झोपायला जागा दिली. सगळ्या सोयऱ्यांत शकूला असं साधं उत्तर देता आलं नव्हतं.

रविवारी ती कोल्हापुरात शिरली तेव्हा बारसं होऊन गेलं होतं. पत्ता विचारत विचारत ती पोचली. सौरभच्या घरासमोर मांडव होता, आत वंदना होऊन पंगत बसलेली. राधाताईंनीच तिला आधी पाहिलं. "आलात," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन अपेक्षाला घेऊन आल्या.

अपेक्षा बारीक झाली होती. ती उंबऱ्यातच उभी राहिली. शकूने बाळंतविडा पायरीवर ठेवला आणि एका दमात सांगायला लागली. कशी गाडी काढली, शिरवळला काय म्हणाली, गोठ्यात गाडी लावली नाही, बापाला फोनवर कसं सुनावलं, मामाचं ताट कसं ढकललं. बोलताना तिचा आवाज चढत गेला. तीन दिवसांचा राग तिने लेकीपुढे ओतला, हे सगळं तुझ्यासाठी केलं अशा थाटात.

अपेक्षाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मम्मी, मंडईपासून स्वारगेट किती लांब आहे?"

शकूने पदर सावरला.

"चालत जाता येतं. कोल्हापूरची गाडी तिथून दिवसभर सुटते. दुपारी गाळा बंद करून बसली असतीस तर रात्रीच्या आत माझ्याकडे पोचली असतीस. पप्पांना कळलं नसतं, कळलं असतं तरी फारतर ओरडले असते. मला दिवस गेले तेव्हा मी तुझी वाट बघायचे. सातव्या महिन्यापर्यंत बघितली." ती मोठ्याने बोलत नव्हती. "मामा वळले, त्याचा तुला राग आला. तुला राग यायला दोन वर्षं का लागली?"

मांडवातल्या बायका वाढता वाढता थांबल्या होत्या. शकूला वाटलं, म्हणावं, घाबरत होते. नवऱ्याला भिणाऱ्या बाईला लोक माफ करतात. पण पोर समोर उभी होती आणि तिच्यापुढे आता खोटं बोलवेना.

"कॅनडा म्हणताना मलाबी बरं वाटायचं गं," ती म्हणाली. "बायका मान द्यायच्या."

आत बाळ रडायला लागलं. शकूचे हात आपोआप पुढे झाले. अपेक्षाने ते पाहिलं आणि मान हलवली.

"जेवायला बस. राहा आज," ती म्हणाली. "बाळ आज नाही देणार मी तुझ्याकडे. माझं मन होईल तेव्हा देईन."

ती आत गेली. राधाताईंनी पंगतीत जागा करून दिली. शकूने हात धुतले, पानावर बसली, आणि आतलं रडणं थांबेपर्यंत तिला एकही घास घेता आला नाही.