दुधी काचेचं हॉटेल

आमच्या काचवाल्याला अशी बायको कुठल्या पुण्याईने मिळाली, ते त्यालाही ठाऊक नाही. माणूस हाताचा कसबी, पण भोळसट. शहरातून तयार खिडक्या यायला लागल्या, त्याचा धंदा बसला आणि चौकातला गाळा धूळ खात पडला. तेव्हा नवराबायकोने ठरवलं, गाळ्यात एखाद्या खाण्याच्या कंपनीची फ्रँचायझी घ्यायची. चाललं तर उत्तम, नाहीतर गाळा विकून लेकीकडे जाऊन राहायचं. जावयाच्या घरात उरलेलं आयुष्य काढायचं, या विचाराने काचवाल्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

आता गंमत बघा. गावात आधी पिझ्झावाला येऊन गेला होता, बर्गरवालाही येऊन गेला होता. दोघांनी वर्षभरातच गाशा गुंडाळला. आपल्या गावाला बाहेरचं आवडत नाही, असं म्हणून सगळे मोकळे झाले. काचवाल्याच्या मनात मात्र एक कॉफीची कंपनी भरली होती. का, तर तिच्या दुकानाला जमिनीपासून छतापर्यंत अखंड काच असते, मध्ये एक सांधा नाही. धन्य आहे बाबा! हा हॉटेल काढायला निघाला होता की आरसेमहाल बांधायला?

बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, पिझ्झावाल्याकडे टेबलं रिकामी असायची, पण पार्सलच्या खिडकीशी गर्दी असायची. बघितलीत ना?"

"असेल. मग?"

"मग खाणं आवडत नव्हतं कसं म्हणता? लोक पार्सल घेऊन नदीकडे जायचे, गाडीत बसून खायचे. दवाखान्यातल्या नर्सबाई तर गाडीच्या काचा वर करून खायच्या."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तुमची काच नडली हो. आत बसलं की रस्त्यावरचा प्रत्येक जण बघणार. कोण कुणाबरोबर बसलंय, सून इथे चरतेय तर घरी सासूला कोण वाढतंय. संध्याकाळपर्यंत गावभर. अशाने घास गोड लागेल कुणाला?"

त्या दोन्ही दुकानांची काच काचवाल्यानेच बसवली होती, वर कौतुकाने पुसून लख्ख करून दिली होती. त्या काचेतून त्याला फक्त काचच दिसली, आणि हिला अख्खं गाव दिसलं होतं. संसार इतकी वर्षं झाला, पण आपल्या घरात कोण राहतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग कंपन्यांची माणसं येऊ लागली. प्रत्येकाला ती एकच विचारायची, "दर्शनी काच दुधी चालेल का?" कॉफीवाला हसला. म्हणाला, काच हीच तर आमची जाहिरात. त्याला चहा पाजून तिने वाटेला लावलं. शेवटी एक सूप-सँडविचवाली कंपनी आली, नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. तिचा माणूस डोकं खाजवत म्हणाला, "बाकी सगळं आमच्या नियमाने करा, काचेचं तुमचं तुम्ही बघा." तिने तिथेच सही केली. नातेवाइकांनी यथेच्छ नाकं मुरडली. काचवाल्याने स्वतःच्या हाताने दुधी काच बसवली, आणि बसवताना त्याला रडू यायचं बाकी होतं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही. काचवाल्याला आत बसवेना. लिंबं आणतो म्हणून जो गेला, तो बाजारात उगाच रेंगाळून दिवेलागणीला परतला. रस्त्यावरून बघितलं तर पांढरी काच, दारात कुणी नाही, हालचाल नाही. लेकीला काय आणि कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करतच त्याने दार ढकललं.

एकही टेबल रिकामं नव्हतं. ज्यांच्यासमोर म्हातारी माणसंसुद्धा शर्टाची बटणं चाचपतात, त्या शाळेच्या मोठ्या बाई चपला काढून, पाय वर घेऊन दोन्ही हातांनी सँडविच खात होत्या. सॉस हनुवटीला लागला होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. पलीकडे पोस्टमन आपल्या बायकोला चमच्याने सूप भरवत होता. दार उघडलं तसे सगळ्यांचे हात थांबले, सगळ्या माना खाली गेल्या. काचवाला उंबऱ्यातच थिजला, त्याचे डोळे भरून आले.

गल्ल्यावरून बायको म्हणाली, "अहो, बघत काय उभे राहिलात? आधी दार लावा."

त्याने दार लावलं आणि त्यालाच पाठ टेकून उभा राहिला. लोक पुन्हा खायला लागले.