पडद्यावरचा डोळा

माघातल्या सकाळी निपाणीत उन्हाच्या आधी वास उगवतो. वखारींच्या बंद दारांतून झिरपणारा तंबाखूचा तो उग्र, पिंगट वास सुशीलाआक्काच्या पदराला कायमचा चिकटलेला, आणि त्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या फिनेलच्या दर्पातही तो माझ्या शेजारी ठाम उभा होता. आक्का आमच्या गल्लीतली. वखारीत पानं निवडण्यात तिचा जन्म गेला. आता एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसरा धुरकट. त्या दिवशी तपासणी झाली तरच शस्त्रक्रियेच्या यादीत तिचं नाव लागणार होतं. तपासणीला टोकन हवं, आणि टोकनाच्या खिडकीत माणसाऐवजी आता यंत्र उभं.

त्या यंत्रावर आधी नुसती कन्नड होती; मराठीही यावी म्हणून आम्ही सीमाभागातल्या मराठी कार्यकर्त्यांनी पत्रकं वाटली होती, घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या होत्या. मराठी आली. मी दिमाखात तिचं बटण दाबलं आणि आक्काला पुढं केलं. तिचं टोकन तिनंच काढावं, हा माझा हट्ट.

करड्या पडद्यावर मुंगीएवढी पांढरी अक्षरं : ‘नेत्ररोग बाह्यरुग्ण विभाग’. आक्का ‘ने’वरून ‘त्र’पाशी पोचेतो पडदा विझायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी घाईत बोट भलतीकडं पडलं आणि लाल चौकट उमटली : ‘आपण अवैध निवड केली आहे.’

आक्कानं हात पदरात ओढून घेतला. “मी काय केलं गं? नुस्तं बोट लावलं.”

“आक्का, पिक्चर बघालाय व्हय?” मागून कुणीतरी ओरडलं. रांग हसली.

माझी कानशिलं तापली. डोळे अधू झालेल्यांच्याच दारावर मुंगीची अक्षरं कोरायला कुणाचा हात धजावला असेल? वाचणाऱ्याचा श्वास पुरेल इतकं थांबावं, वाट चुकली तर मागं फिरू द्यावं, गोंधळलेल्याला गुन्हेगार ठरवू नये, एवढं सौजन्य तर आपण दारात आलेल्या परक्यालाही दाखवतो. मग यंत्राला ते शिकवायचं कुणालाच का सुचलं नाही?

शिपाई किल्ली घेऊन उठला. टोकनं बंद व्हायची वेळ झाली होती.

“ह्या मशीनला दमच न्हाय,” आक्का पुटपुटली, मग हळूच म्हणाली, “त्ये कन्नडच लाव की गं. तितं डोळा हाय, मागल्या खेपेला बघितलाय.”

ज्या बोटांनी मी भिंतींवर मराठी घोषणा रंगवल्या, त्यांतल्याच एकानं कन्नड दाबलं. कन्नडच्या जुन्या पडद्यावर खरोखरच मोठा, काळाभोर डोळा उघडला. शेजारी दात, तान्हं बाळ, मोडका हात. मराठी बसवताना कुणीतरी ही सगळी चित्रं पुसून टाकली होती. आक्कानं डोळ्यावर बोट टेकवलं. टोकन करकरत बाहेर आलं.

बाकावर टेकल्यावर माझ्या पिशवीतून डोकावणारं नवं पत्रक तिनं ओढलं. “ह्ये तू लिवलंस?” म्हणत धुरकट डोळ्याजवळ नेलं. खिडकीच्या गजांतून कोवळं ऊन कागदावर उतरलं. तिचं बोट ओळीखालून सरकलं, ‘भाषिक’ ओलांडून ‘अस्मितेच्या’पाशी अडखळलं, मागं आलं, पुन्हा निघालं. वाचून दाखवायला माझी जीभ शिवशिवत होती. मी ओठ मिटून घेतले. आत आकडे पुकारले जात होते. तिचा आकडा अजून लांब होता, आणि बोट अजून त्याच शब्दावर.