चौदाव्या प्रकरणातली सोळा पानं

बाइंडरनं चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. त्यातलं एक चुकलं.

चाळीस वर्षांत एक म्हणजे काहीच नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हातानं काम केलेलं नसतं. बाकीची पुस्तकं कुठे गेली ते त्याला आठवत नव्हतं. चुकलेलं पुस्तक मात्र वाचनालयात कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर आहे, ते तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता.

काम कसं असतं ते आधी सांगायला हवं. छापखान्यात मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापतात आणि तीनदा दुमडतात. त्याची सोळा पानं होतात. त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून, प्रत्येकाच्या घडीतून सुई घालून शिवले की पुस्तक होतं. जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं की हे सगळं उलटं करायचं. पुठ्ठा काढायचा, जुनी खळ ओली करून खरवडायची, दोरे कापायचे, फर्मे सुटे करायचे, फाटक्या घड्यांना पातळ कागद लावायचा आणि पुन्हा शिवायचं. उलगडताना फर्मे मोजायचे आणि आकडा पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर लिहायचा. शिवायच्या आधी पुन्हा मोजायचे. त्याला अर्धं मिनिट लागतं.

बावीस वर्षांपूर्वी त्यानं ते अर्धं मिनिट वाचवलं.

पुस्तक म्हणजे एक जुनी कादंबरी. अभिजात म्हणून जिचं नाव सगळे घेतात आणि जी विकत कुठेच मिळत नाही, अशांपैकी. वाचनालयात एकच प्रत होती. आधीच्या कुणा बाइंडरनं कडा कापताना हात सैल सोडून पानांचे आकडेच छाटून टाकले होते. त्यामुळे फर्मे लावायचे ते वाचून. एकाची शेवटची ओळ, दुसऱ्याची पहिली. चौदाव्या प्रकरणातला एक फर्मा फारच भिजला होता. बाइंडरनं तो दोन फळ्यांच्या मध्ये, वजनाखाली वाळत ठेवला. वाचनालयाचं ते त्याला मिळालेलं पहिलं काम. लवकर देऊन छाप पाडायची घाई होती. त्यानं उरलेल्या फर्म्यांच्या ओळी जुळवल्या आणि त्या जुळल्या. एकीकडची शेवटची ओळ होती, ‘थोरली उंबऱ्याशी थांबली.’ दुसरीकडची पहिली, ‘गाडी वळणावर गेली तेव्हा घराचं छप्पर दिसेनासं झालं.’ चांगल्या सुताराचा सांधा बसावा तशा बसल्या. त्यानं शिवून टाकलं.

आठ दिवसांनी दुसऱ्या कामासाठी फळी उचलली, तर खाली सोळा पानं. कोरडी, सपाट, छान.

“जा आणि सांगून टाका,” बायको म्हणाली. “खाणार आहेत का तुम्हाला?”

“उद्या जातो.”

पण ग्रंथपालांनी चार लोकांसमोर ती बांधणी हातात फिरवून दाखवली होती. ‘याला म्हणतात काम.’ त्या दिवसापासून वाचनालयाची सगळी पुस्तकं त्याच्याकडे येऊ लागली होती. उद्याचा परवा झाला. पुस्तक उसवून फर्मा घालायला दोन तास पुरले असते. पण का उसवतोय ते सांगावं लागलं असतं. बायको वर्षभर विचारत राहिली, मग तिनंही नाद सोडला.

सोळा पानं कोऱ्या कागदात गुंडाळून कपाटात राहिली. अधूनमधून तो ती काढून वाचायचा. आधी चूक तपासावी म्हणून. नंतर थोरलीसाठी.

बायको गेली. मग हाताला कंप सुटला आणि सुईत दोरा ओवेनासा झाला, तेव्हा त्यानं दुकान बंद केलं. शिकंजा, म्हणजे पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, तेवढा घरी आणला. तो विकत कोण घेणार? मुलगा लांबच्या शहरात. रविवारी फोन यायचा. “जेवलात?” “जेवलो.” “औषध?” “चालू आहे.” पुढचं बोलणं दोघांपैकी कुणालाच सापडायचं नाही. सोमवार ते शनिवार त्याचा आवाज दूधवाला आणि दुकानदार यांच्यापुरताच निघायचा. एकदा तर बुधवारी बोलताना घसा इतका घोगरा लागला, की आजारी आहे की काय अशी त्याला शंका आली. आजारी नव्हता. सकाळपासूनचं ते पहिलंच वाक्य होतं.

म्हणून तो गुरुवारच्या वाचकमंडळात जाऊ लागला. पाच वाजता, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, एका लांब टेबलाभोवती सहा खुर्च्या. मंडळ चालवायच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणायचे. बाईंचा नियम एकच होता. पात्राबद्दल काहीही म्हणा, पण पुस्तकात ते कुठे आहे ते दाखवा. बाई स्वतः प्रत्येक प्रकरण तीनदा वाचून यायच्या. बाइंडरला हे पटलं. मेहनत घेणारा माणूस तो लगेच ओळखायचा. बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर न वाचताच यायचा, हेही त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

चौथ्या महिन्यात बाईंनी ती कादंबरी काढली. एकाच प्रतीच्या झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटल्या. बाइंडरनं आपल्या प्रतीत आधी चौदावं प्रकरण काढून तो सांधा पाहिला.

गोष्ट सरळ आहे. थोरली सून लहानपणीच विधवा झालेली. पाच वर्षांच्या दिराला तिनं आई होऊन वाढवलं. दीर मोठा झाला, त्याचं लग्न झालं, घरातला एक दागिना हरवला आणि बोट थोरलीकडे वळलं. चौदाव्या प्रकरणात ती घर सोडते.

“आता बघा,” बाई म्हणाल्या. “ती उंबऱ्याशी थांबते आणि पुढच्या ओळीत गाडीत असते. मधे एक शब्द नाही. लेखकानं का लिहिलं नाही?”

“कंटाळा आला असेल,” कॅशियर म्हणाला.

“तुम्हाला वाचायचा आला. त्याला लिहायचा नाही.”

सगळे हसले. कॅशियर सर्वांत मोठ्यानं. नर्स मात्र हसली नाही. ती ड्यूटी संपवून थेट यायची, पायातल्या चपला टेबलाखाली काढून बसायची.

“आमच्या वॉर्डात असतात अशी माणसं,” ती म्हणाली. “न बोलणारा मानीच असतो असं नाही, बाई. कधीकधी विचारणारंच कुणी नसतं.”

“ही मानी आहे. मौन हेच तिचं उत्तर. ती कुणाला एक शब्दही देत नाही. त्या काळात असं पात्र उभं करणं ही साधी गोष्ट नव्हे.”

“बोलली असेल,” बाइंडर म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. चार महिन्यांत तो स्वतःहून पहिल्यांदाच बोलला होता.

“कुठे? दाखवा.”

“नाही. आपलं वाटलं.”

“काकांना थोरलीचा फोन आला असेल,” कॅशियर म्हणाला.

मंडळ उठताना बाईंनी त्याला थांबवलं. थोरलीच्या मौनावर त्यांनी तीस पानांचा निबंध लिहिला होता. वाचनालय त्याची पुस्तिका काढणार होतं. “बाइंडर, शिलाई तुमच्या हातची हवी. मला त्या गंजणाऱ्या पिना नकोत. आणि शिवण्याआधी वाचा. तुम्ही लक्ष देऊन ऐकता, मी बघते.”

असं त्याला कितीतरी दिवसांत कुणी काही सांगितलं नव्हतं. घरी जाताना तो जिना न थांबता चढला.

निबंध त्यानं दोन दिवस वाचला. नेटका होता. एकही वाक्य उगाच नव्हतं. ‘थोरलीचं मौन हा तिचा विजय आहे,’ असा शेवट होता. आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चूक होता. त्याच्या चुकीवर उभा होता.

कारण त्या सोळा पानांत थोरली बोलत होती. नुसती बोलत नव्हती, विनवण्या करत होती. आधी मोलकरणीला हाक मारते, ती भांडी घेऊन मागे जाते. मग जावेला, ती रडत्या पोराला उचलते. मग सासऱ्यांना, त्यांना अचानक ऐकू येईनासं होतं. दिराला ती सगळ्यांत शेवटी हाक मारते, लहानपणीच्या नावानं, आणि तो कंदिलाची काच पुसत बसतो. सोळा पानांत तिला कुणीही उत्तर देत नाही. गप्प ती नव्हती. गप्प घर होतं.

बाइंडरनं हिशेब मांडला. न सांगता पुस्तिका शिवली तर गुरुवारची खुर्ची राहील. सांगितलं तर जाईल. ती गेली की आठवड्यात बोलायला उरतात दूधवाला आणि दुकानदार. एवढा साधा हिशेब होता. पुस्तिकेचे छापील कागद सोमवारी येणार होते. शनिवारी सकाळी त्यानं सुई घासून स्वच्छ केली, ओवायला घेतली, आणि खाली ठेवली. चुकीच्या फर्म्यांवर त्यानं एकदा टाका मारला होता, नकळत. जाणूनबुजून मारायला हात उठेना.

अकरा वाजता तो बाईंच्या दारात उभा राहिला. एक खोली, एक खुर्ची, एक पलंग, बाकी पुस्तकं. बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसल्या. त्यानं पुडकं उघडून समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. भिजलेला फर्मा, फळी, अर्धं मिनिट. घाई होती हे सांगितलं नाही. ती सबब झाली असती.

बाईंनी सोळा पानं वाचली. मग चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. तेवढ्या वेळात त्यानं खोलीतली पुस्तकं मोजली, नाहीतर नजर कुठे ठेवायची ते कळत नव्हतं.

“बावीस वर्षं?” बाई म्हणाल्या.

“हो.”

“परवा मी म्हटलं, कुठे आहे दाखवा. तेव्हा तुमच्या घरात हे होतं.”

“होतं.”

बाईंनी पानं मांडीवर ठेवून सारखी केली. “एकोणीस वर्षांपूर्वी मी भावाचं घर सोडलं. घरावरून भांडण होतं. मी दारात उभी होते, ते सगळे आत बसलेले. मी एक शब्द बोलले नाही. ताठ मानेनं निघाले. हे पुस्तक तेव्हा माझ्या पिशवीत होतं.” त्या थांबल्या. “मला वाटलं, असंच निघायचं असतं.”

बाइंडरनं माफी मागावी तर ती फारच लहान पडली असती.

“भाऊ...?”

“गेला. चार वर्षं झाली.” बाई उठल्या. “पानं ठेवून जा. निबंध परत द्या. छापणार नाही म्हणून मी कळवते.”

दार त्याच्यामागे लागलं. आपटलं नाही. नुसतं लागलं.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या नाहीत. त्यानं मंडळाला सगळं सांगितलं, उभं राहून. कॅशियरनं पहिल्यांदाच विनोद केला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही बाई आल्या नाहीत. त्यांनी एका पाकिटातून सोळा पानं ग्रंथपालांकडे पाठवली होती, सोबत चिठ्ठी नव्हती. ग्रंथपाल नवे होते, त्यांना या सगळ्याचं फारसं काही वाटलं नाही. “बसवून टाका, काका,” म्हणाले आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं.

जिथे दोन तास पुरले असते, तिथे तीन दिवस लागले. सुईत दोरा ओवायला एकदा पाऊण तास गेला. त्यानं पुठ्ठा सोडवला, पाठ ओली केली, स्वतःचेच टाके कापले. टाके चांगले होते, एकसारखे, याचा त्याला राग आला. राहिलेला फर्मा बाकीच्यांपेक्षा एका दोऱ्यानं रुंद निघाला, कारण बाकीच्यांच्या कडा त्यानं तेव्हा शिवल्यावर छाटल्या होत्या, आणि फार पांढरा. बावीस वर्षं त्याला कुणाचे हात लागले नव्हते. कड कापून सारखी करता आली असती. त्यानं कापली नाही. मग शिवलं, खळ लावली, शिकंज्यात घातलं. चाक फिरवताना दोन्ही हात लागले.

तिसऱ्या गुरुवारी तो अर्धा तास आधी गेला आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. नर्स आली, तिनं चपला काढल्या आणि त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. कॅशियर आला. आणखी एक जण आला. बाइंडरची नजर दारावर होती, म्हणून त्यानं ती मुद्दाम खिडकीकडे वळवली.

पाचला दोन मिनिटं कमी असताना बाई आल्या. कुणाला काही म्हणाल्या नाहीत. पुस्तक ओढून घेतलं, चौदावं प्रकरण उघडलं. बाहेर आलेली कड अंगठ्यानं चाचपली.

“नव्यानं सुरू करू,” त्या म्हणाल्या. “थोरली आधी कुणाला हाक मारते, आणि त्यालाच का?”

नवीन पानांची झेरॉक्स ग्रंथपालांनी सोमवारीच वाटली होती. कॅशियर छताकडे बघू लागला. नर्सची आठवडाभर रात्रपाळी होती, तिनं वाचलं नव्हतं. बाईंची नजर टेबलाभोवती फिरली. बाइंडरपाशी आली आणि न थांबता पुढे गेली.

“मोलकरणीला,” बाइंडर म्हणाला. आवाज घोगरा लागला. तो खाकरला. “कारण तीच नाही म्हणू शकत नाही, असं थोरलीला वाटतं. घरात जिचं सगळ्यात कमी चालतं, तिच्यापासून ती सुरुवात करते. दिराला शेवटी, कारण तो नाही म्हणाला तर पुढे कुणीच नाही. म्हणून ती त्याच्यापर्यंत जायला वेळ लावते.”

“कुठे आहे? दाखवा.”

त्यानं पुस्तक स्वतःकडे वळवून घेतलं. बोट थरथरत होतं, ओळीवर ठरेना. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि ओळ दाखवली.

बाईंनी ती वाचली. वर पाहिलं नाही.

“पुढे?” त्या म्हणाल्या.