निकालाआधी, निर्मलाकाकूंसाठी

आधी माफी मागतो. गेलेल्या माणसांवर वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिणारे लोक मोठे असतात, त्यांच्या ओळखीही मोठ्या असतात. मी नुकतीच एम.ए.ची शेवटची परीक्षा दिलेला विद्यार्थी, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. निर्मलाकाकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. पुंडलिकनगरात त्यांच्या घरावरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो, एवढंच. त्यांच्यावर लिहायचा हक्क त्यांच्या शाळेतल्या कितीतरी मुलांना माझ्याआधी आहे. तरी लिहितोय, आणि घाईनं लिहितोय, कारण निकाल अजून लागलेला नाही. राज्यशास्त्रात पहिल्या येणाऱ्याला आमच्याकडं एका माजी राष्ट्रपतींच्या स्मरणार्थ सुवर्णपदक देतात. ते मला मिळालं तर नंतरचं लिहिणं पदकाचं होईल, नाही मिळालं तर हळहळीचं होईल... काकूंचं राहणार नाही.

त्या पदकाबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं तेही काकूंच्याच तोंडून. त्या नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी विषय विचारला, आणि राज्यशास्त्र म्हटल्यावर भाड्याचं बोलणं तिथंच सोडून पहिल्या सत्राचे मार्क विचारले. मी चाचरत सांगितले. "अरे, मग तू पदकाच्या वाटेवर आहेस की! तुला कुणी सांगितलं नाही?" खरंच कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ओट्यावर त्या मेथी निवडत बसायच्या आणि मी लिहिलेली उत्तरं मोठ्यानं वाचायचो. प्रश्न अर्धाच वाचून उत्तराला धावायची मला खोड होती. "गजानन, राष्ट्रपतीसुद्धा सही करायच्या आधी कागद वाचतो. तू कोण लागून गेलास?" आतून काका, एसटीतून निवृत्त झालेले, ओरडायचे, "वाचतोच असं काही नाही!" "तुम्ही तुमची मॅच बघा," काकू म्हणायच्या, आणि मला पहिल्यापासून वाचायला लावायच्या.

माझे वडील सोयगावच्या बाजारात मापाडी आहेत. एकदा ते मला भेटायला आले आणि चहा घेता घेता त्यांनी काकूंना विचारलं, "बाई, लई सोनं असतं का हो त्या पदकात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र हसल्या नाहीत. "नाही हो दादा, हलकंच असतं. आणि ते मोडायचं नसतं." वडील विचारात पडले. "मोडायचं नाय तर मग उपेग काय?" "तोच उपयोग," काकू म्हणाल्या. "घरातली एक वस्तू तरी अडचणीला मोडायची नाही असं ठरतं." वडिलांना ते पटलं असावं. जाताना जिन्यात मला म्हणाले, "बाईचं ऐकत जाय."

काकूंना त्या पदकाचं वजन कसं माहीत, हे मला पुढं एकदा कळलं. एम.ए.ला शेवटच्या पेपरापर्यंत त्याच पुढं होत्या. त्या पेपराच्या दिवशी त्यांचा भाऊ जीप घेऊन परीक्षेच्या हॉलवर आला. त्यांचे वडील गेले होते. भावानं हाक मारली, त्या कोरा पेपर ठेवून उठल्या. "आणि नेलं कुठं, तर माजघरात बायकांमध्ये बसवलं. स्मशानात आम्हाला नेतच नव्हते. म्हणजे पेपरलाही नाही आणि वडिलांजवळही नाही." पदक मैत्रिणीला मिळालं. तिनं ते कौतुकानं काकूंच्या हातात दिलं होतं. "गार लागलं. राष्ट्रपतींचा चेहरा बघितला, परत दिलं. पदकाचं एवढं वाटलं नाही रे... मला कुणी विचारलंच नाही, याचं वाटलं."

यंदा हिवाळ्यात त्यांच्या किडन्यांनी दगा दिला. परीक्षा तोंडावर आली तेव्हा त्या दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेलो तर पडल्या पडल्या म्हणाल्या, "मी गेले आणि दुसऱ्या दिवशी तुझा पेपर असला, तर काय करशील?"

"काकू, असं नका बोलू."

"तोंडी परीक्षा आहे. उत्तर दे."

"येईन."

"पेपर सोडून?"

"हो."

त्यांनी उशीवर मान वळवली. मग काकांना म्हणाल्या, "ऐकलंत? याला कळवायचं नाही." माझा फोन काढून घेतला, आणि परीक्षा होईपर्यंत वसतिगृहात माझ्या वर्गातल्या संदीपच्या खोलीवर राहायचा हुकूम दिला. मी ते हसण्यावारी नेलं. त्याही हसत होत्या.

लोक विचारतात, राग नाही आला? आला, थोडा. पण त्यांना कुणी न विचारता उठवलं होतं. मला त्यांनी विचारलं, माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग निकाल माझ्या विरुद्ध दिला. त्यांच्या भाषेत ही रीतसर सुनावणी झाली. माझी आई मला देवाघरचं लेकरू म्हणते. काकूंनी मला बाजू असलेला माणूस मानलं. आमच्या घरात हे कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, निकाल काहीही लागो.

शेवटच्या पेपराच्या आदल्या दोन दिवसांत संदीप माझ्याशी नीट बोलेना. डबा आणून ठेवायचा आणि बाहेर जायचा. मला वाटलं, त्याचा पेपर अवघड गेला असेल. शेवटचा पेपर देऊन मी बाहेर आलो तर फाटकापाशी, उन्हात, काका उभे. एसटीत असल्यापासून रोज दाढी करणारा माणूस, आणि दाढी वाढलेली.

"कसा गेला?"

"चांगला गेला, काका."

"सगळं लिहिलंस?"

"सगळं. वेळ पुरला. आता थेट दवाखान्यातच येतो, काकूंना मीच सांगतो..."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरी चल," ते म्हणाले. "परवा गेली रे ती."