तिसऱ्या साकवाच्या पुढे

माझी मावशी लाँड्रीत इस्त्री करते. सहा दिवस वाफेत उभी राहायची आणि रविवारी दुपारी ओढ्याकाठच्या रानवाटेवर चालायला जायची. नेमके दोन तास. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसायच्या त्या तीन ते पाचच.

बसच्या शेवटच्या थांब्यामागे ही वाट सुरू होते. डाव्या हाताला ओढा, डोक्यावर झाडांचं छत, भर दुपारीही पायाखाली गारवा. वाट तीन साकवांवरून ओढा ओलांडते. तिसऱ्या साकवावर पोचेपर्यंत मावशीला चार वाजायचे. तिथून माघारी. नऊ वर्षं हेच.

चपला काढायच्या आत खाटेवरून आवाज यायचा, "पोचलीस का गं उगमापर्यंत?"

"नाही हो आई. साकवापासनंच फिरले."

"तिथवर तर कुणीही जाईल! पुढे काळा कडा आहे. त्यातून पाणी कसं धबाधबा पडतं! लग्नाआधी गेले होते मी. तुझ्यासारखी रमतगमत नाही, ताडताड."

"मग शिकवा ना मला ताडताड चालायला. उठा बघू."

"उठता आलं असतं तर तुझी वाट बघत बसले असते होय?"

मग खोदून खोदून चौकशी. दुसऱ्या साकवाची फळी बदलली का? नेचे कुठवर आले? पाणी घोट्याएवढं की गुडघ्याएवढं? सगळं सांगता यावं म्हणून मावशी प्रत्येक दगड निरखून यायची.

एकदाच ती साकवाच्या पुढे गेली. जरा पुढे, अजून जरा पुढे करत घरी यायला पाऊण तास उशीर झाला. काकू पाचला निघून गेलेल्या. सासूबाई ओल्या चादरीवर, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी एवढंच विचारलं, "दिसला का उगम?"

दिसला नव्हता. त्यानंतर मावशीने तो साकव कधी ओलांडला नाही.

गेल्या महिन्यात सासूबाई गेल्या. परवा रविवारी मावशी मला म्हणाली, "येतेस? आता पाचची घाई नाही."

तिसऱ्या साकवावर तिने घड्याळ पाहिलं आणि सरळ मागे वळली. मी तिचा दंड धरला.

"मावशी, कुठे निघालीस?"

"अगंबाई, हो की," ती म्हणाली. पण पाय उचलायला तिला वेळ लागला.

पुढे वाट अरुंद झाली, ओढाही. अर्ध्या तासाने तो एका ढांगेत ओलांडता येईल एवढाच उरला. मग एका झाडाच्या मुळांखाली ओला दगड, त्यावरून झिरपणारी करंगळीएवढी धार. त्यापलीकडे कोरडा पाचोळा.

"कडा कुठाय?" मावशी चारी बाजूंना फिरून आली. सपाट रान. मग कमरेवर हात ठेवून ती हसतच सुटली. "थापाडी म्हातारी! कधी आलीच नव्हती गं ती इथे!"

हसता हसता ती मुळांपाशी टेकली.

"मला वाटायचं, मला डिवचते. तिला स्वतःलाच बघायचं होतं."

मग तिने वाकून धारेखाली बोट धरलं, शेवाळ चाचपलं, मुळं मोजली, एकदा चुकली म्हणून पुन्हा मोजली.

"काळा कडा म्हणे! थांब, घरी गेले की बघतेच तिच्याकडे," ती म्हणाली, आणि बोट पाण्यात तसंच राहिलं.

तिच्या मनगटावर पाच वाजून गेले होते.